रक्त दे, सही घे

कॅन्सरच्या दवाखान्यातून आलेल्या पत्राला देवानंदनं वकिलाकडून नोटीस धाडली. असला पराक्रम अख्ख्या वाशिम जिल्ह्यात आजवर दुसऱ्या कोणी केला असेल असं वाटत नाही.

पत्र नागपूरहून रजिस्टर पोस्टानं आलं होतं. तिथल्या दवाखान्यात फरहा मॅडम म्हणून एक बाई होत्या. रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना जनुकांच्या तपासण्या समजावून सांगणं हे त्यांचं काम. त्यांनी लिहिलं होतं, ‘आपल्या भगिनी सौ. मंजू भागवत इंगोले यांच्यामध्ये वारशाने आलेला दोष आढळला आहे. सख्खे भाऊ या नात्याने हा वारसा आपल्याकडेही आला असण्याची शक्यता निम्मी आहे. तरी लवकरात लवकर संपर्क साधावा.’

देवानंदनं त्यातले तीन शब्द वाचले. मंजू, वारसा आणि निम्मी. पुढचं वाचायची त्याला गरजच वाटली नाही. तो तसाच शेलूबाजारहून जीप धरून मंगरूळपीरच्या वकिलाकडे गेला. वकिलालाही फी मिळाल्यावर पत्र दोनदा वाचायचं काही कारण नव्हतं. आठ दिवसांत फरहा मॅडमच्या टेबलावर उत्तर येऊन पडलं: पत्रातील मजकूर खोटा, खोडसाळ व अमान्य आहे, वडिलोपार्जित मिळकतीत सौ. मंजू यांचा निम्मा हिस्सा असल्याचे आमचे अशील साफ नाकारतात; आपण या वादात कोणत्या अधिकाराने पडलात याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

फरहा मॅडम मूळच्या मंगरूळपीरच्या, दर्ग्याजवळ त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. त्यांना या भागातली माणसं ठाऊक होती. त्यांनी मंजूला फोन लावला.

“मंजूताई, तुमचे भाऊ मले कोर्टात ओढून राह्यले,” असं म्हणून त्या हसल्या. मग त्यांनी ती नोटीस वाचून दाखवली.

मंजूच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पोट फाडून झालं, सहा केमो सोसून झाल्या, डोक्यावरचे केस सुपलीत गोळा करून फेकून झाले. एवढ्या काळात या सख्ख्या भावानं एकदा फोन केला नव्हता. आणि आता त्याला बहीण आठवली ती वकिलाच्या तोंडून!

वैर नऊ वर्षांचं होतं. दोघंच भावंडं. आई आधीच गेली होती. वडील इंद्रभान गेले तेव्हा तेरवीच्या दिवशी, शेवटची पंगत उठायच्या आत, देवानंदनं बहिणीपुढे एक टाइप केलेला कागद ठेवला आणि कागदावर एक हिरवी साडी. कागद हक्कसोडीचा होता. बहिणीनं बापाच्या वावरातला आपला हिस्सा भावाच्या नावानं सोडायचा, भावानं तिला साडी नेसवायची आणि दोघांनी मिळून त्याला प्रेम म्हणायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. मंजूला वावर नको होतं. अगदी देवाशपथ नको होतं. तिचा नवरा भागवत मंगरूळपीरला पंचायत समितीत कारकून. त्याला सोयाबीन आणि तुरीच्या रोपांतला फरक सांगता येत नसे. पण माणसानं विचारायला नको? बापाची राख निवायची आहे आणि हा सहीला पेन पुढे करून उभा! “नाई करत सही,” असं म्हणून ती साडी तिथंच टाकून निघून आली.

तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही. बहिणीला हिस्सा पाहिजे, असं देवानंदनं गावभर केलं. मंजूनंही ते कधी खोडून काढलं नाही. समजू दे त्याला काय समजायचं ते, असा तिचाही माज होताच. सातबाऱ्यावर दोघांची नावं तशीच राहिली आणि दोघंही नऊ वर्षं एकमेकांच्या नावानं बोटं मोडत बसली.

मग गेल्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं. चार महिने गॅसच्या गोळ्या झाल्या. शेवटी सोनोग्राफीत कळलं की पोटात पाणी आहे आणि अंडाशयात गाठ आहे. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा तपासला तेव्हा बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड सापडला. फरहा मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, की असा बिघाड दोन तऱ्हांनी येतो. एक जन्मानंतर, वय होता होता, शरीराच्या एखाद्याच जागी होतो. तो त्या गाठीपुरता असतो, कोणाला देता येत नाही. दुसरा आईकडून नाहीतर बापाकडून येतो, अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि तसाच पुढे मुलांकडे जाऊ शकतो. गाठ तपासून फक्त बिघाड आहे एवढं कळतं. तो कुठला, हे कळायला रक्त तपासावं लागतं.

“म्हंजे सोयाबीनच्या एका झाडाले रोग लागला, का बियानंच तसं होतं, थेच पाह्यचं ना?” मंजूनं विचारलं.

“अगदी थेच.”

रक्ताचा अहवाल येईपर्यंत मंजूनं देवाकडे एकच मागितलं, की हे माझ्यापुरतं असू दे. देवानं ऐकलं नाही. बिघाड रक्तात होता. तिचा एकुलता मुलगा नवीन, त्याचं रक्त घेतलं. त्याच्यात नव्हता. पुरुषांनाही यातून दुसरे कॅन्सर होऊ शकतात, पण तुमचा मुलगा सुटला, असं फरहा मॅडम म्हणाल्या तेव्हा मंजू तिथंच खुर्चीत बसून रडली. डोळे पुसता पुसता तिला रुचिका आठवली.

रुचिका म्हणजे देवानंदची मुलगी, आता चोवीस वर्षांची. तेरवीच्या त्या भांडणापर्यंत तिची प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी मंजूच्या घरी जायची. तिच्या उवा मंजूनं काढल्या होत्या, तिला सायकल मंजूनं शिकवली होती, आणि पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती आईला न सांगता आत्याला सांगत आली होती. मंजूच्या वडिलांची बहीण गयाबाई बेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी भरून गेली होती. सासूनं करणी केली म्हणून गाव आजही त्या सासूला शिव्या घालतं. म्हणजे हे बापाच्या बाजूनं आलं होतं. बाप स्वतः दम्यानं गेला, त्याला कळलंही नाही. देवानंदकडे ते असेल तर त्यालाही कळणार नव्हतं, आणि रुचिकाला कळणार होतं ते पोट फुगल्यावर.

म्हणूनच मंजूनं फरहा मॅडमना भावाचा पत्ता दिला होता, पत्र त्यांनाच पाठवायला सांगितलं होतं. आपण लिहिलं तर तो फाडून टाकील, मॅडमचं वाचील, असा तिचा हिशेब. त्या हिशेबाची ही नोटीस झाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गावी गेली. भागवत म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, तुम्ही आलात तर त्याला वाटेल मोजणीला आणलं.

देवानंद ओसरीत बसला होता. नऊ वर्षांत पोट सुटलं होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मंजूच्या डोक्यावरचा रुमाल, त्याखालचे खुरटे केस, उतरलेला चेहरा, सगळं त्यानं पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

“वकिलानं सांगतलं ना तुले? मंग काहून आली?”

“दादा, थ्या चिठ्ठीत वावराचं काईच नोतं. थो वारसा रक्ताचा हाय. मले जे झालं थे बाबाकडून आलं. तुह्यातबी असू शकते. तुह्यात असन तं रुचिकात असू शकते. फकस्त रक्त द्याचं हाय तुले, एक नळी.”

देवानंद हसला. “बायकायचा रोग मले कसा होईन वं? मले काय अंडाशय हाय?”

“तुले नाई. तुह्या पोरीले हाय.”

आतून रुपा आली. देवानंदची बायको, हात पिठानं माखलेले. नणंदेला बस म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही.

“मंजूबाई, माया पोरीचं नाव घेऊ नोका. तिचं जमून राह्यलं. रिसोडकडचे पाव्हने हायत, पोरगा मास्तर हाय. माघात साक्षगंध हाय. आन् तुमी दारात उभं राहून कॅन्सर कॅन्सर करून राह्यल्या! कोनाच्या कानावर गेलं तं कोन घेईन तिले?”

“वयनी, मी तिच्या भल्यासाठीच...”

“नऊ वर्सं कोठी गेल्तं भलं? तुमच्या पोटात दुखते म्हून आमच्या पोरीच्या पोटात दुखावं लागते काय?”

हे बोलणं मंजूच्या वर्मी बसलं. येताना तिनं मनाशी शंभरदा घोकलं होतं, की चिडायचं नाही. पण ती इंद्रभानची पोरगी होती आणि या घरात शांत बोलण्याचा वारसा कोणालाच मिळाला नव्हता.

“तुमी दोघंबी आंधळे हा!” ती ओरडली. “गयाआत्या कशी मेली आठोते का तुले? थिचं पोट हंड्यावानी झाल्तं! मी गेलो असतो तशीच! पोरीले तसं पाह्यचं हाय का?”

“ओरडू नको.” देवानंद उठून उभा राहिला. “मले सगळं समजते. आजाराच्या नावानं घरात घुसाचं, रक्ताचं नातं लावाचं, मंग हळूच हिश्श्याचं काढाचं. सही करत नाई तवापर्यंत तुह्या एका शब्दावर माया इश्वास नाई.”

“सही पायजे तुले?”

“नऊ वर्सांपासून पायजे.”

“मंग रक्त दे,” मंजू म्हणाली. “रक्त दे, सही घे.”

रुपा नवऱ्याकडे पाहायला लागली. देवानंदनं बहिणीकडे असं पाहिलं, की जणू बाजारात बैल अर्ध्या किमतीत देणारा माणूस भेटला आहे आणि आता बैलात खोट काय ते शोधायचं आहे. खोट काही सापडेना.

“सगळं सोडतं? सगळा हिस्सा?”

“वीतभर नाई ठेवत.”

“पलटशीन?”

“मी तुह्यावानी नाई.”

ठरलं ते असं. पोरीच्या प्रेमापोटी नाही, बापाच्या आठवणीनं नाही, बहिणीच्या डोक्यावरचा रुमाल पाहून तर नाहीच. सात एकर वावरासाठी देवानंद एक नळी रक्त द्यायला तयार झाला.

पुढच्या मंगळवारी तो वाशिमच्या लॅबमध्ये आला, सोबत दोन साक्षीदार आणि वकिलानं तयार केलेला कागद घेऊन. नमुना तिथं घेऊन नागपूरला जाणार होता. फरहा मॅडम फोनवर त्याला तपासणी समजावत होत्या, अहवाल गुप्त राहील, काही निघालं तर काय करता येतं, वगैरे. तो “हो, हो” करत घड्याळ पाहत होता. सुई टोचली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. लहानपणापासून त्याला सुईची भीती होती, हे मंजूला आठवलं आणि आठवल्याचाच राग आला.

कापूस दंडावर धरूनच तो म्हणाला, “चाल आता. चार वाजता हापिस बंद होते.”

“रिपोर्ट येऊ दे.”

“रिपोर्टचं कुठं ठरलं होतं? रक्त दे म्हनली, रक्त देल्लं. आता पलटून राह्यली का?”

मंजूनं दोन्ही साक्षीदारांकडे पाहिलं. तिला आपल्या शब्दाचा मोठा अभिमान होता. त्या अभिमानापायी ती जीपमध्ये जाऊन बसली.

मंगरूळपीरच्या निबंधक कार्यालयात तिचा फोटो काढला. मग अंगठा मशीनवर ठेवायचा होता. केमोपासून तिची बोटं सालटून गुळगुळीत झाली होती. मशीन घेईचना. क्लार्कनं अंगठा फडक्यानं पुसला, फुंकर मारली, दुसरा अंगठा लावून पाहिला. देवानंद मागे उभा राहून “जोरानं दाब, जोरानं दाब” करत होता. सातव्या वेळी कुठे मशीननं हिरवा दिवा दाखवला. क्लार्कनं विचारलं, “बाई, कोनाचा दबाव नाई ना? राजीखुशीनं सोडून राह्यल्या?”

“राजीखुशीनं,” मंजू म्हणाली.

बाहेर आल्यावर देवानंदनं कागदाची पावती खिशात घातली आणि साक्षीदारांना चहा पाजायला घेऊन गेला. तिला चल म्हणाला नाही. साडीही नव्हती या वेळी. मंजू चालत घरी गेली, आणि वावर गेल्याचं दुःख आपल्याला होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं, ते त्या रस्त्यावर झालं. बाप बांधावर बसून भाकर खायचा, तिला आधी घास द्यायचा. तिनं रस्त्यावरच पदर तोंडाला लावला.

अहवाल तीन आठवड्यांत येणार होता. चार झाले. मंजूनं फरहा मॅडमना फोन केला.

“मंजूताई, थो अहवाल त्यांचा हाय. त्यांच्या परवानगीबिगर मी हो पण सांगू शकत नाही, नाही पण सांगू शकत नाही. त्यांच्याशी बोलले मी, सगळं बोलले. एवढंच सांगू शकते.”

“पन तपासाले त मीच लावलं ना त्याले!”

“रक्त त्यांचं हाय, ताई.”

भावाला लावला तर फोन लागेना. नंबर अडवून ठेवला होता. रुपाला लावला. ती म्हणाली, “काई नाई निंघालं. चांगला आला रिपोर्ट. आता फोन करू नोका.” आणि ठेवला.

मंजूचा जीव भांड्यात पडला. सोडलेल्या वावराचं सोनं झालं असं तिला वाटलं. तिनं देवापुढे साखर ठेवली. दोन दिवस ती अगदी आनंदात होती, भागवतला म्हणालीसुद्धा की जाऊ द्या, मोठा भाऊ आहे, आपणच नमतं घेऊ. तिसऱ्या दिवशी भागवत कचेरीतून आला तो सांगतच. त्या मास्तरचे काका पंचायत समितीतच होते. साक्षगंध माघात होतं ना, ते या रविवारीच उरकून राहिले. लग्नही पंधरा दिवसांत लावू म्हणतात. मुलीकडच्यांनाच घाई आहे.

मंजू पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. रिपोर्ट चांगला आला तर माणूस घाई कशाला करील? चांगला आला असता तर देवानंदनं तो गावच्या चौकात वाचून दाखवला असता, बहीण कशी खोटी पडली म्हणून.

रविवारी ती न बोलावता गेली. अंगणात मांडव होता, रिसोडकडचे पाहुणे गादीवर बसले होते, आत बायकांची धांदल. कोणी ओळखायच्या आत ती मागच्या दारानं शिरली आणि रुचिका तयार होत होती त्या खोलीत गेली. दोन मैत्रिणी तिच्या केसांत गजरा माळत होत्या. मंजूनं त्यांना बाहेर काढलं.

रुचिकानं आत्याला आरशात पाहिलं. वळली नाही.

“तू काहून आली?”

मंजूनं सांगितलं. आपल्या रक्तात काय निघालं ते, गयाबाईचं, वाशिमच्या लॅबचं, सहीचं. तुझ्या बापाच्या रिपोर्टात काय आहे मला माहीत नाही, हेही सांगितलं. तिला वाटलं होतं पोरगी रडेल, गळ्यात पडेल. रुचिकानं फक्त गजरा काढून खाटेवर ठेवला, दाराशी गेली आणि हाक मारली, “बाबा, जरा आत या.”

देवानंद आला. फेट्याचं टोक खांद्यावर होतं. मंजूला पाहून त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं.

“हे इथं कशी?”

“बाबा, तुमी वाशिमले रक्त देल्लं थे शुगरचं होतं ना?”

“हो. शुगरचंच.”

“मंग रिपोर्ट दाखवा.”

“आता? भायेर पाव्हने बसले बेटा.”

“दाखवा ना.”

देवानंदनं बहिणीकडे बोट केलं. “तू मुद्दाम आजचा दिवस निवडला. वावर गेलं त्याचा बदला घेऊन राह्यली. कागद झाला आता, या घरात तुहं काईच नाई रायलं. नीघ!”

“मी काई मांगत नाई. पोरीले खरं सांग, मी निंघतो.”

“सांगनारच होतो मी!” तो ओरडला. बाहेरची बोलणी थांबल्याचं ऐकू आलं, तसा त्यानं आवाज दाबला. “लग्न होऊन जाऊ दे, मंग सांगनारच होतो. एकदा तिच्या घरची झाली की थे लोक पाह्यतीन काय करायचं थे. आधी सांगतलं तं पोरगी जलमभर माया घरी बसन.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. रुपा दारात येऊन उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. रुचिका बापाकडे पाहत होती. मग ती आत्याकडे वळली.

“नवीनदादाले हाय का हे?”

“नाई,” मंजू म्हणाली. “त्याच्यात नाई निंघालं.”

“म्हंजे तुह्या घरी काईच नाई. वावरबी आमच्याच घरी आलं आन् हेबी आमच्याच घरी आलं.” तिचा आवाज इतका सरळ होता की ओरडली असती तर बरं झालं असतं. “नऊ वर्सं एकदाबी आली नाई तू. मी तुह्या घराच्या गल्लीतून कालेजात गेलो तीन वर्सं. दार लावून बसायची. बाबाशी भांडन होतं ना तुहं? मी काय केल्तं?”

खोटं एखादं उत्तर मंजूला देता आलं असतं, पण तेवढा धीर तिच्यात नव्हता. त्या तीन वर्षांत खिडकीच्या फटीतून तिनं पोरीला जाताना शंभरदा पाहिलं होतं, आणि हाक मारली तर भाऊ जिंकला असं होईल, म्हणून मारली नव्हती. आता ते सांगितलं तर पोरगी आणखीच थुंकली असती.

देवानंद खाटेवर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला. “बेटा, सगळ्यायलेच होत नाई थे. तुह्यात निम्मं असते, नसतेबी...”

“मले शिकवू नोका.” रुचिकानं गजरा उचलून पुन्हा डोक्याला लावला, तिरपाच. “भायेर जाऊन बसतो मी. पाव्हने इतक्या दुरून आले. पोराले मी सांगीन, मी एकटी सांगीन. त्याले नाई म्हनाचं तं म्हनन. तुमच्यातलं कोनी तोंड उघडलं तं साक्षगंधातून उठून जाईन.” मग मंजूकडे न पाहता ती म्हणाली, “उद्या सकाळच्या नागपूरच्या गाडीनं जातो. दवाखाना मले माइत नाई. शेलूबाजारच्या फाट्यावर येजो. पन मायाशी बोलू नको.”

सोमवारी सकाळी ती खरंच आली. बोटात नवी अंगठी होती, म्हणजे साक्षगंध झालं होतं. त्या मास्तरला सांगितलं की नाही, त्यानं काय म्हटलं, हे विचारायची मंजूची छाती झाली नाही. गाडी आली, रुचिका पुढच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसली आणि शेजारी पर्स ठेवली. मंजू तिच्या मागच्या बाकावर बसली. कारंजा गेलं. पोरीची वेणी समोर हलत होती, हात लांबवला असता तर लागली असती.

कारंज्याच्या पुढे कुठेतरी रुचिका मान न वळवता म्हणाली, “लय दुखते का?”

सुईचं विचारते, ऑपरेशनचं विचारते की केमोचं, हे मंजूला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

“लय दुखते,” ती म्हणाली. “पन मी जित्ती हाय ना.”

थोड्या वेळानं रुचिकानं शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. जागा रिकामी झाली होती, पण तिनं बस म्हटलं नव्हतं. म्हणून मंजू नागपूर येईपर्यंत मागेच बसून राहिली.